ठरलेला भाव आणि उधारीची वही : शिकागो, कादंबरी आणि नीतीचा एक प्रश्न

इमॅन्युएल कांटच्या नीतिमीमांसेच्या पायाभूत ग्रंथात (१७८५) एक दुकानदार येतो आणि अर्ध्या परिच्छेदात निघून जातो. हा दुकानदार अननुभवी गिऱ्हाइकाला फसवीत नाही. सर्वांना एकच भाव सांगतो. त्यामुळे एखादे लहान मूलही त्याच्याकडे इतरांइतक्याच निर्धास्तपणे खरेदी करू शकते. कांटच्या मते ही कृती कर्तव्याला धरून आहे, परंतु ती कर्तव्यबुद्धीतून घडलेली नाही. जेथे उलाढाल मोठी तेथे कोणताही शहाणा व्यापारी हेच करील, कारण त्याचे हित त्यातच असते. सबब ही कृती निंद्य नाही, पण तिला नैतिक मूल्यही नाही. नीतिशास्त्राच्या वर्गांतून हे उदाहरण इतक्या वेळा सांगितले गेले आहे की त्यातील दुकान आता कोणाला दिसतच नाही. दुकानदाराचा हेतू तेवढा तपासला जातो. भाव कोणी ठरविला, माल कोणी उचलून दिला, ते मूल कोणाचे होते आणि त्याच्या मुठीत पैसे होते की नव्हते, हे प्रश्न उदाहरणाबाहेर राहतात.

वस्तुतः कांटच्या काळी असे दुकान सार्वत्रिक नव्हते. भाव बोलून ठरविणे हीच किरकोळ व्यापाराची सर्वसाधारण रीत होती. गिऱ्हाइकाचा वेष, त्याची बोली, त्याची निकड आणि त्याचा भोळेपणा पाहून पहिला आकडा सांगितला जाई. सतराव्या शतकात क्वेकर पंथाच्या व्यापाऱ्यांनी या रीतीला विरोध केला, तो व्यापारी सोय म्हणून नव्हे तर सत्याचा प्रश्न म्हणून. जो भाव शेवटी घ्यावयाचाच नाही तो आधी सांगणे हे त्यांच्या लेखी खोटे बोलणे होते. म्हणजे कांटने जिला निव्वळ शहाणपणाची कृती ठरविले ती त्याच्या शतकभर आधी, दुसऱ्या माणसांच्या हातून, नेमकी कर्तव्यबुद्धीतूनच झालेली होती. एका कृतीमागे दोन हेतू असू शकतात हे कांटलाही मान्यच होते. त्याचा युक्तिवाद त्यावरच उभा आहे. खरी अडचण पुढे आली. एकोणिसाव्या शतकात न्यूयॉर्कमध्ये ए. टी. स्ट्यूअर्ट, फिलाडेल्फियात जॉन वानामेकर आणि शिकागोत मार्शल फील्ड यांनी ठरलेला भाव हाच दुकानाचा पाया केला, आणि तो कोणाच्याही हेतूवर अवलंबून राहिला नाही. भाव चिठ्ठीवर आला. विक्रेतीला तो वाढविता येत नाही, कमीही करता येत नाही. अशा दुकानात प्रामाणिक कोण? मालक तेथे उभा नसतो. विक्रेतीला अप्रामाणिक होण्याची मुभाच नसते. प्रामाणिकपणा जर चिठ्ठीत असेल, तर सदिच्छेचा शोध घ्यावयाचा कोठे?

हा प्रश्न केवळ तर्काचा म्हणून सोडून देता आला असता. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभीचे शिकागो शहर असे आहे की तेथे हा प्रश्न रस्त्यावर उभा असलेला दिसतो, आणि त्या शहराने त्याच काळात ज्या कादंबऱ्यांना जन्म दिला त्यांत तो पात्रांच्या खिशापर्यंत पोचतो. १८७१ च्या आगीत जळालेले हे शहर १८९० साली अकरा लाखांच्या आसपास वस्तीचे झाले आणि १९१० पर्यंत ही संख्या एकवीस लाखांवर गेली. या माणसांत पोलिश, लिथुआनियन, बोहेमियन, इटालियन, ज्यू, आयरिश अशी कितीतरी मंडळी होती. आईबापांच्या गावी ज्यांना वाणी, खाटीक आणि मद्यविक्रेता नावानिशी ओळखत असत, त्यांना आता ओळखणारे कोणी नव्हते. शहराच्या मध्यभागी स्टेट स्ट्रीटवर फील्डचे भव्य दुकान डॅनियल बर्नहॅमच्या आराखड्यानुसार १९०२ आणि १९०७ मध्ये टप्प्याटप्प्याने उभे राहिले. जवळच लुई सलिव्हनने बांधलेली, पुढे कार्सन पिरी स्कॉट या नावाने ओळखली गेलेली इमारत होती. आणि दक्षिणेला कत्तलखान्यांच्या मागच्या वस्तीत, लाकडी घरांच्या तळमजल्यावर, एका खोलीची किराणा दुकाने होती. तेथे भाव ठरलेला असो वा नसो, व्यवहार वहीवर चाले.

थिओडोर ड्रायझरच्या ‘सिस्टर कॅरी’ (१९००) या कादंबरीची नायिका विस्कॉन्सिनमधील एका लहान गावातून ऑगस्ट १८८९ मध्ये शिकागोत येते. (त्याच वर्षीच्या सप्टेंबरात जेन ॲडम्स आणि एलन गेट्स स्टार यांनी हॉल्स्टेड स्ट्रीटवर हल हाऊस सुरू केले. कॅरी तेथे कधी जात नाही, आणि गेली असती तर कादंबरी उरली नसती.) कॅरी ‘द फेअर’ या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये पाऊल टाकते ती गिऱ्हाईक म्हणून नव्हे, काम मागण्यासाठी. परंतु काम मागावयाच्या खोलीपर्यंत जाण्याची वाट मालाच्या मांडणीतून जाते. सपाता, मोजे, फिती, पर्सा यांतील एकेक वस्तू तिला अडविते. ड्रायझरने येथे जे साधले आहे ते समीक्षेने बहुधा ‘वस्तूंची भुरळ’ या एका शब्दप्रयोगात गुंडाळून टाकले आहे. खरे तर हा प्रसंग ठरलेल्या भावाचा आहे. चिठ्ठीवरचा आकडा कॅरीसाठी आणि श्रीमंत बाईसाठी एकच आहे. कांटच्या दुकानदाराची अट येथे शब्दशः पाळली गेली आहे. आणि त्या समान आकड्यामुळेच कॅरीला कळते की हे आपल्यासाठी नाही. घासाघीस करणाऱ्या दुकानात निदान बोलणे तरी होते. येथे बोलण्यासारखे काहीच नाही. पुढे कादंबरीत लेसची कॉलर कॅरीशी बोलू लागते, तेव्हा ते केवळ चमत्कृतिपूर्ण चेतनगुणोक्ती म्हणून वाचता येत नाही. ज्या जागी विक्रेत्याचा आवाज काढून घेतला गेला आहे तेथे मालाला वाचा फुटते.

कॅरीला जोड्यांच्या कारखान्यात आठवड्याला साडेचार डॉलरचे काम मिळते, आणि बहिणीच्या घरी खाण्याराहण्याचे चार डॉलर द्यावयाचे असतात. उरलेल्या अर्ध्या डॉलरचे गणित ही या कादंबरीची खरी नीतिमीमांसा होय, असे म्हणण्यास हरकत नाही. ड्रायझरवर त्या काळी अनीतीचा आरोप झाला, कारण कॅरीला शिक्षा होत नाही. परंतु ज्या टीकाकारांना कॅरीच्या वागण्यात दोष दिसला त्यांना चिठ्ठीवरच्या प्रामाणिक भावात दोष दिसला नाही, कारण तेथे तो नव्हताच. दोष काउंटरच्या दुसऱ्या बाजूला होता. कांटच्या दुकानदाराला नोकर नाहीत. त्याच्या उदाहरणात काउंटर आहे, पण त्याची एकच बाजू प्रकाशात आहे. १९१३ साली इलिनॉय राज्याच्या सिनेटने नेमलेल्या, लेफ्टनंट गव्हर्नर बॅरट ओहारा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने शिकागोच्या मोठ्या दुकानांच्या आणि टपालविक्रीच्या व्यवसायांच्या चालकांना साक्षीला बोलावून विचारले की, तुमच्या विक्रेतींचे पगार आणि शहरातील वेश्याव्यवसाय यांचा काही संबंध आहे काय. चालकांचा कल हा संबंध नाकारण्याकडे होता. प्रश्न वाजवी होता की भडक, हा वाद बाजूस ठेवला तरी एवढे खरे की गिऱ्हाइकाशी चोख व्यवहार करणारी संस्था कामगाराशीही चोख वागेल असे गृहीत धरण्यास काहीच आधार नव्हता. त्या काळच्या मोठ्या दुकानांत पैसे आणि पुडकी घेऊन काउंटर ते खजिनदार अशी धाव घेणारी मुलेमुली नोकरीला असत. पैसे वाहून नेणाऱ्या यांत्रिक नळ्या आल्यावर त्यांची गरज संपली. इलिनॉयच्या १८९३ च्या कायद्याने चौदा वर्षांखालील मुलांना कारखान्यांत घेण्यास बंदी केली, त्यामागे हल हाऊसमध्ये राहणाऱ्या फ्लॉरेन्स केली यांचे परिश्रम होते. कांटचे मूल येथे पुन्हा भेटते. फक्त ते आता काउंटरच्या आत आहे.

येथून वळावयाचे ते उधारीकडे. ‘उधारी’ हा शब्द मराठीत थोडा ओशाळवाणा आहे, परंतु तिच्या पाठीमागे जो शब्द उभा आहे तो ‘पत’, आणि पत म्हणजे बाजारातील विश्वास तसाच समाजातील मान. पत गेली असे म्हटले तर वाण्याने माल नाकारला की अब्रू गेली, हे वाक्यावरून कळतेच असे नाही. इंग्रजीतील समानार्थी शब्दही लॅटिनमधील ‘विश्वास ठेवणे’ या क्रियापदावरून आला आहे. दोन्ही भाषांनी एका अनुभवाची खूण जपली आहे : जो उधार देतो तो माणसावर पैज लावतो. शिकागोच्या कामगार वस्तीत ही पैज रोजची होती. कत्तलखान्यांतील काम हंगामाप्रमाणे आणि जनावरांच्या आवकेप्रमाणे कमीजास्त होई. दिवस भरला नाही तर पगार नाही. अशा वेळी लिथुआनियन किंवा पोलिश दुकानदार आपल्या भाषेच्या माणसाला वहीवर पीठ, बटाटे, कोबी देत असे. १९०४ च्या उन्हाळ्यात कत्तलखान्यांचा मोठा संप झाला आणि फसला. १९२१-२२ च्या हिवाळ्यात पुन्हा तेच घडले. अशा महिन्यांत कामगारांची घरे चालली त्यात कोपऱ्यावरच्या दुकानदाराच्या वहीचा वाटा मोठा होता. लिझाबेथ कोहेन यांनी शिकागोच्या कामगारांवरील आपल्या ग्रंथात (१९९०) दाखवून दिले आहे की १९२० नंतर साखळी दुकाने स्वस्त भाव घेऊन आली तरी या वस्त्या बराच काळ आपल्या ओळखीच्या दुकानालाच धरून राहिल्या. कारण उघड होते. साखळी दुकान रोखीने विकत असे, आणि रोख हीच तर त्यांच्याकडे नियमाने नसणारी वस्तू होती.

किराणा दुकानाइतकीच, किंबहुना अधिक, गुंतागुंतीची संस्था म्हणजे सलून. मराठीत हा शब्द केशकर्तनालयाला चिकटला आहे. अमेरिकेत तो गुत्ता. पाच सेंटांचा बिअरचा पेला घेतला की पाव, चीज, मांसाचे काप असे जेवण फुकट मिळे. पगाराचा धनादेश वटवून देण्यासाठी कामगाराला दुसरी जागा नव्हती. गुत्तेवाला तो वटवी, आणि रिवाजाप्रमाणे तेथेच एक पेला घ्यावा लागे. १९०० साली ‘अमेरिकन जर्नल ऑफ सोशिऑलॉजी’त शिकागोच्या सलूनविषयी लिहिताना रॉयल मेलेंडी यांनी त्याला कामगारांचा क्लब ठरविले, आणि हे करताना मद्यपानाचे समर्थन करण्याचा त्यांचा हेतू नव्हता. जेन ॲडम्स यांचे निरीक्षण याहून मर्मभेदी आहे. ‘डेमॉक्रसी अँड सोशल एथिक्स’ (१९०२) या ग्रंथात दानधर्म करणाऱ्या सुशिक्षित स्त्रीची आणि गुत्तेवाल्याची तुलना त्या करतात. गरिबाच्या घरी जाऊन ती स्त्री त्याला गुत्ता सोडण्याचा उपदेश करते. त्या माणसाला मात्र आठवते ते एवढेच की अडचणीच्या वेळी गुत्तेवाल्याने मदत केली होती, आणि परतफेडीची घाई केली नव्हती. उपदेश करणारी बाई चौकशी केल्यावाचून काही देत नाही. ज्याला शेजाऱ्याने चौकशीवाचून दिलेल्या मदतीची सवय आहे त्याला ही सावधगिरी कृपणपणासारखी वाटते. ॲडम्स यांचा मोठेपणा असा की त्या या वाटण्याला अज्ञान म्हणून झटकून टाकीत नाहीत. त्याच ग्रंथात नगरसेवकाचे चित्र आहे. नाताळात वस्तीला टर्की वाटणारा, प्रेतयात्रांचा खर्च उचलणारा आणि त्याच हाताने शहराचे हक्क कंपन्यांना विकणारा असा हा नगरसेवक. वस्ती त्याला मत देते ती लाच घेऊन नव्हे. माणसाचे चांगुलपण ज्या मापाने ती मोजते त्या मापाने तो खरोखरच चांगला ठरतो. ॲडम्स म्हणतात ते एवढेच की हे माप व्यक्तीपुरते आहे आणि शहराला ते पुरे पडत नाही.

अप्टन सिंक्लेअरच्या ‘द जंगल’ (१९०६) या कादंबरीचा इतिहास असा की वाचकांनी तिच्यातील मांस पाहिले आणि माणसे पाहिली नाहीत. ती प्रसिद्ध झाल्यावर काही महिन्यांतच, ३० जून १९०६ रोजी, मांसतपासणीचा आणि शुद्ध अन्नाचा असे दोन कायदे झाले. कामगारांची स्थिती होती तेथेच राहिली. तंत्राच्या दृष्टीने ही कादंबरी ड्रायझरच्या तोडीची नाही, आणि शेवटची प्रकरणे तर व्याख्यानेच आहेत. परंतु तिचे पहिले प्रकरण अमेरिकी निसर्गवादी कादंबरीतील फार थोड्या प्रकरणांशी तुलना होऊ शकेल असे आहे. कत्तलखान्यांच्या मागच्या वस्तीतील एका सलूनच्या मागील खोलीत युर्गिस आणि ओना यांच्या लग्नाची मेजवानी चालू आहे. लिथुआनियन रिवाज असा की मेजवानीत कोणाही भुकेल्याला अडवावयाचे नाही, आणि नंतर प्रत्येक पुरुषाने वधूबरोबर नाचून आपल्या ऐपतीप्रमाणे पैसे टाकावयाचे. त्यातून खर्च भागतो आणि जोडप्याच्या संसाराला काही उरते. हा करार कोठे लिहिलेला नाही. तो सर्वांना ठाऊक असणे हेच त्याचे बळ. पण या शहरात तरुण पोरे येतात, खातात, पितात आणि पैसे न टाकता निघून जातात. मग गुत्तेवाला हिशेब घेऊन येतो, आणि त्याच्या हिशेबात अर्धवट रिकामी पिपे भरलेली म्हणून धरलेली असतात, ठरलेल्या दर्जाऐवजी भलताच माल दिलेला असतो. त्याच्याशी भांडणे शक्य नसते, कारण वस्तीच्या राजकारणात त्याची वट असते. देणे शंभर डॉलरच्या वर जाते.

या प्रसंगाची शोकात्मता दारिद्र्यात नाही. येथे विश्वासाचे दोन प्रकार एकमेकांना भिडले आहेत आणि दोन्ही मोडले आहेत. गावच्या रिवाजाला ओळखीचा आधार होता. जो पैसे टाकणार नाही त्याला उद्या तोंड दाखविणे अवघड जाई. शहरात ओळख अर्धीच शिल्लक आहे : मेजवानीला बोलाविण्याइतकी आहे, जाब विचारण्याइतकी नाही. आणि गुत्तेवाल्याच्या वहीत उधारीचे रूप आहे, तिचा आत्मा नाही. तो या कुटुंबावर पैज लावीत नाही, कारण हरणे त्याला शक्यच नाही. जेथे हरण्याची शक्यता नाही तेथे उधार म्हणजे केवळ लांबलेली वसुली. याउलट त्याच कादंबरीतील योकूबास सेडविलास हा छोटा दुकानदार, ज्याच्या श्रीमंतीच्या वार्ता गावी पोचल्या होत्या, तो प्रत्यक्षात स्वतःच कर्जाखाली आहे. त्याच्याकडे वस्तीत नव्याने आलेल्यांना देण्यासारखे फारसे काही नाही, आणि जे आहे ते तो देतो.

पुढे याच कादंबरीत युर्गिसला एका रात्री दारूच्या नशेत असलेला धनिकपुत्र शंभर डॉलरची नोट देतो. ती मोडण्यासाठी तो एका अनोळखी सलूनमध्ये जातो. बारवाला त्याच्या हातावर पंचाण्णव सेंट ठेवतो, म्हणजे एका डॉलरमधून पेल्याचे पाच वजा. मारामारी होते आणि खटला होतो. न्यायाधीशाला बारवाल्याचे म्हणणे खरे वाटते. युर्गिस तुरुंगात जातो. जी संस्था वस्तीत धनादेश वटवून देत होती तीच चार मैलांवर अनोळखी माणसाला लुटते. ओळखीवर उभारलेल्या नीतीला एक सीमा असते. तिच्या पलीकडे गेलेल्यासाठी तेथे नीती उरतच नाही. मोठ्या दुकानातील ठरलेल्या भावाच्या चिठ्ठीने युर्गिसचे नव्याण्णव डॉलर वाचविले असते.

हीच गोष्ट ड्रायझर उलट बाजूने दाखवितो. हर्स्टवुड हा शिकागोतील एका प्रतिष्ठित मद्यालयाचा व्यवस्थापक. तिजोरीचे दार त्याच्या हातात पैसे असताना बंद होते, आणि चोर होण्याचा निर्णय त्याने घेतला की दाराने, हे कादंबरी सांगत नाही. या तिजोरीवर पुष्कळ लिहिले गेले आहे. न्यूयॉर्कमधील किराण्याच्या प्रसंगांकडे त्या मानाने कोणी पाहिलेले नाही. काम गेलेला हर्स्टवुड घरचा बाजार स्वतः करू लागतो. एका दुकानात काही दिवस रोखीने घ्यावे, मग पत बसली की वहीवर घ्यावे, आणि देणे वाढले की पुढच्या चौकातील दुकान गाठावे, असा त्याचा क्रम होतो. एके दिवशी एक वाणी थकलेले पैसे मागावयास थेट दारात येतो आणि कॅरीला सारे कळते. तिजोरीतील हजारो डॉलरांपुढे ही रक्कम काहीच नाही. तरीही हर्स्टवुडचे अध:पतन येथे अधिक पूर्ण आहे. तिजोरी फोडल्याने मालकाचा पैसा जातो. येथे दुकानदाराने माणूस पाहून दिलेला विश्वास वापरला गेला आहे. चिठ्ठीवरच्या भावाला कोणी फसवू शकत नाही. फसविता येते ते फक्त वहीला, आणि म्हणूनच वहीला नैतिक अर्थ आहे. जो संबंध तोडता येत नाही तो पाळण्यातही काही श्रेय नाही, हे कांटच्या मतापासून फार दूर नाही. फक्त कांटने तो संबंध दुकानदाराच्या मनात शोधला, आणि तो प्रत्यक्षात दुकानदार आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये, काउंटरवर पडलेल्या वहीत होता.

येथवर आल्यावर ओळखीच्या दुकानाला झुकते माप देण्याचा मोह होतो. गेऑर्ग झिमेलच्या १९०३ च्या महानगरावरील व्याख्यानाचे वाचन पुष्कळदा याच मोहाने होते : पैसा सर्वांना सारखे लेखतो, म्हणून माणूस कोरडा होतो, आणि जुन्या लहान गावातील ऊब हरवते. झिमेलने मात्र त्या व्याख्यानात दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडली होती. लहान वर्तुळाची ऊब म्हणजेच लहान वर्तुळाची नजर, आणि महानगराने दिलेले स्वातंत्र्य हे त्या नजरेतून सुटल्याचे स्वातंत्र्य. कोपऱ्यावरचा दुकानदार ज्याला ओळखतो त्याच्यावर तो पैज लावील. ज्याला तो ‘ओळखतो’ त्यालाच तो शिळा पावही देईल. शिकागोच्या दक्षिण भागातील काळ्या वस्तीत बहुसंख्य दुकाने बाहेरच्यांच्या मालकीची होती, आणि सुट्या मालाच्या वजनात, दर्जात, भावात फसवणूक हा गिऱ्हाइकांचा नित्याचा अनुभव होता. कोहेन यांनी नोंदविले आहे की १९२० च्या दशकात हीच गिऱ्हाइके साखळी दुकाने आणि बंद पाकिटातील नामांकित माल यांच्याकडे वळली. छापील नावाच्या पुड्यात वाण्याला हात घालता येत नाही. गोऱ्या स्थलांतरितांच्या वस्तीला जो व्यक्तिनिरपेक्षपणा परका वाटला तोच येथे संरक्षण ठरला. अर्थात या संरक्षणालाही काउंटरची एकच बाजू होती. स्टेट स्ट्रीटवरील दुकानांत काळ्या स्त्रियांना विक्रेती म्हणून दीर्घकाळ घेतले गेले नाही, आणि साखळी दुकानांनीही काळ्या वस्तीत काळ्यांना नोकऱ्या द्याव्यात म्हणून दशकाच्या अखेरीस शिकागोत बहिष्काराची चळवळ करावी लागली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात, म्हणजे न्यूयॉर्कमध्ये होते. अमेरिका आणि युरोप येथील वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असे त्यांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत लिहिले आहे. ते शहर वर्णभेदापासून मुक्त नव्हते. पण त्याच्या दैनंदिन व्यवहारांत त्यांची जात विचारणारा कोणी नव्हता. परतल्यावर बडोद्यात त्यांना पारशी पथिकाश्रमात खोट्या पारशी नावाने राहावे लागले, आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. नोंदवहीत नाव लिहावे लागते येथपासूनच हा अपमान सुरू झाला होता. व्यक्तिनिरपेक्ष व्यवहाराची निंदा करणाऱ्या प्रत्येक सिद्धान्ताने या नोंदवहीला उत्तर दिले पाहिजे. उत्तरे देणारे बहुधा असे असतात की ज्यांचे नाव कोणत्याही वहीत अडखळलेले नसते.

तेव्हा कांटच्या उदाहरणाचे मूल्य त्याला वाटले होते त्या जागी नाही. दुकानदाराचा हेतू शुद्ध होता की नव्हता हे शिकागोत कोणालाच कळण्यासारखे नव्हते, आणि गिऱ्हाइकाला त्याची गरजही नव्हती. उदाहरणातील महत्त्वाचे पात्र आहे ते मूल. ज्याला पत नाही, बोलता येत नाही, भाव पाडता येत नाही, अशा कोणाशी व्यवहार कसा होतो, ही ती कसोटी. ती लावली तर फील्डचे दुकान एका बाजूने उतरते आणि दुसऱ्या बाजूने पडते. वस्तीतील वाणी आपल्या माणसांपुरता उतरतो. मेजवानीचा हिशेब करणारा गुत्तेवाला कोणत्याच बाजूने उतरत नाही. परंतु ॲडम्स यांनी पाहिलेला, आजारपणात पैसे देणारा गुत्तेवाला मात्र उतरतो, आणि त्याचा हेतू पुढच्या गिऱ्हाइकीचा होता की दयेचा, हे विचारणारा माणूस कधी आजारी पडलेला नसावा.

१९१२ साली ए अँड पी या कंपनीने उधारी आणि घरपोच माल दोन्ही बंद करून केवळ रोखीची दुकाने काढण्यास आरंभ केला. १९१६ मध्ये क्लॅरेन्स सॉन्डर्सने मेम्फिसमध्ये पिगली विगली सुरू केले. तेथे फिरत्या फाटकातून आत जावे, टोपली घ्यावी, प्रत्येक वस्तूवरचा भाव वाचून ती स्वतः उचलावी आणि बाहेर पडण्याच्या दारी पैसे द्यावेत. काउंटरच नाहीसा झाला. त्याच वर्षी कार्ल सॅन्डबर्गच्या ‘शिकागो पोएम्स’ या संग्रहात मॅक्सवेल स्ट्रीटवर मासे विकणाऱ्या एका ज्यू फेरीवाल्यावरील कविता प्रसिद्ध झाली. त्या रस्त्यावर भाव ठरण्याआधी अजून पुष्कळ बोलावे लागत असे. आणि कत्तलखान्यांच्या मागच्या गल्लीत संध्याकाळी आई मुलाला वाण्याकडे धाडी. त्याच्या मुठीत पैसे नसत. एक लहान वही असे. मूल ती काउंटरवर ठेवी, काय हवे ते आपल्या भाषेत सांगे, आणि दुकानदार पेन्सिल जिभेला लावून आकडा लिही. पुष्कळदा त्या मुलाला तो आकडा वाचता येत नसे.